इस्त्री केलेल्या चिठ्ठ्या

मी चिठ्ठ्यांना इस्त्री करत होते तेव्हा ऋजुताचा फोन आला.

“मंदाताई, काय करताय?”

“इस्त्री.”

“कपड्यांना?”

“चिठ्ठ्यांना. उद्याच्या.”

एरवी ऋजुता यावर खळखळून हसली असती. त्या दिवशी ती नुसतं ‘हं’ म्हणाली आणि थांबली. मी इस्त्री उभी केली. फोनवर गप्प बसणाऱ्या माणसाला काहीतरी मागायचं असतं, हे मला दुकानात बसून कळलं आहे. मी मिरजेत लहान मुलींचे फ्रॉक शिवून विकते. जिला उद्याच्या वाढदिवसाचा फ्रॉक आज शिवून हवा असतो, ती बाई काउंटरपाशी आधी अशीच गप्प उभी राहते.

“एक विचारू?” ऋजुता म्हणाली.

“विचार.”

“सगळ्याच चिठ्ठ्यांना इस्त्री करावी लागते का? म्हणजे एखादी राहिली तर?”

मला आधी तिचं म्हणणं कळलंच नाही. ते कळण्यासाठी आमच्या गटाबद्दल थोडं सांगायला हवं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. सुरुवातीला मी ते चेष्टेवारी नेलं. आत दूध उतू जाऊन जळायचं आणि मी आपली बाहेर मशीनवर बसलेली असायचे. मग एक दिवस कपाटातली आईची जुनी साडी नाकाशी धरली आणि काहीच आलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. तिथंच फरशीवर बसून रडले.

त्याच दुपारी मी फोनवर ओळखीपाळखीच्या सगळ्यांना एक ओळ पाठवली. ‘तुमच्याकडे आत्ता कशाचा वास येतोय, ते मला कळवा.’ लोकांना काय, घरात बसून कंटाळा आलेला. कुणी लिहिलं, दारात अनंत फुललाय, पण शेजाऱ्यांचे बोंबील त्याच्यावर मात करतायत. कुणी बकुळीवर अख्खं पान लिहून काढलं. ओळखीच्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना जोडलं आणि त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट झाला. नाव ठेवलं, ‘वास येतोय का?’

पुढे गटातली माणसं वासाच्या फुलांची रोपं एकमेकांना देऊ लागली. विकायचं नाही, आणि मागणारे जास्त झाले तर सोडत काढायची, एवढाच नियम. माझा वास नंतर थोडा थोडा परत आला, पूर्ण कधीच आला नाही. पण त्या काळात मी माणसांच्या सांगण्यावरच वास घ्यायचे आणि एकीकडे फ्रॉकला लेस लावत बसायचे. ते दिवस मला अजूनही अर्धवट झोपेत घडल्यासारखे वाटतात.

पहिली सोडत फोनमधल्या फिरत्या चाकावर काढली. चाक थांबलं ते नेमकं माझ्या वहिनीच्या नावावर. झालं. “ताई, या चाकाची आणि तुमच्या वहिनींची ओळख कधीची?” असं अकोल्याच्या बिडकर सरांनी सगळ्यांदेखत विचारलं. बिडकर सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक आणि गटातले सर्वांत मोठे शंकेखोर. मी तापट आहे. त्या दिवशी मी गटच बंद करायला निघाले होते.

त्याऐवजी मी पद्धत बदलली. फ्रॉकच्या कटिंगच्या कागदातून सगळ्या चिठ्ठ्या एका मापाच्या कापायच्या, नावं एकाच पेनने लिहायची, सारख्या घड्या घालायच्या आणि वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे एकही घडी फुगलेली राहत नाही. मग काचेची बरणी सगळ्यांसमोर व्हिडिओवर हलवायची, ती गटातल्या कुणीतरी ‘बास’ म्हणेपर्यंत. चिठ्ठी काढताना मी हातात लोकरीचा जाड हातमोजा घालायचे, बोटांना काही कळू नये म्हणून. माझा नवरा म्हणायचा, निवडणूक आयोगाला तुझा पत्ता लागलेला नाही हे आमचं नशीब.

तर त्या वर्षी दसऱ्यानंतर या बरणीतून कवठी चाफ्याचं एक रोप निघणार होतं. रोप ऋजुताचं. ऋजुता मराठे कराडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची आणि आजोळच्या घरात राहायची. त्या घराच्या दारात हा चाफा होता. जाड पांढऱ्या पाकळ्यांचं लहानसं फूल, पिकल्या कवठासारखा वास. संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत तपकिरी पडतं, त्यामुळे फूल कुणाला पाठवायची सोय नाही. रोप करायचं तर फांदीची साल बांगडीएवढी सोलायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटायची वाट बघायची. याला गुटी म्हणतात. ऋजुताने पावसाच्या तोंडाला बऱ्याच गुट्या बांधल्या होत्या. जगली एक. तिने त्या रोपाचा फोटो गटावर टाकला आणि खाली सहज लिहिलं, ‘माझ्या आजोबांनी हे झाड पावशेतहून आणलं होतं. ते गाव आता धरणात आहे.’

थोड्याच वेळात शेलारबाबांचा आवाज आला.

ज्ञानू शेलार हे गटातले सगळ्यात म्हातारे सभासद. गटात खरी आली होती ती त्यांची नातसून रेश्मा, मोगऱ्यासाठी. बाबा तिच्या मागून आले आणि पुढे बसले. फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसायची नाहीत, म्हणून ते बोलूनच पाठवायचे. रेश्मा बटण दाबून धरायची. बाबांच्या लहानपणी त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि त्यांना पार पूर्वेकडे, माळावर जमीन मिळाली, इतकं आम्हाला माहीत होतं.

“पावशेत म्हनलासा न्हवं, ताई,” ते म्हणाले. “पावशेतात कवठी चाफा एकच हुता. आमच्या दारात.”

त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लांबलचक संदेश पाठवला. मी मशीन थांबवून तो ऐकला. मग पुन्हा ऐकला.

“ते गाव मला सपनात दिसतंय. म्या वाटंनं चालत खाली जातो. पानी गुडघ्याला लागतंय, छातीला लागतंय, मग डोक्यावरनं जातंय, तरी श्वास आपला चालूच. खाली समदं हाय तसंच हाय. उंबरा हाय, जातं हाय, गोठ्यात दावं हाय. मासं घरात शिरत्यात, भाईर येत्यात, त्यास्नी कोन हाकलत न्हाई. चाफा दारात हुबा. फूल गळालं की खाली पडत न्हाई, वर जातं, हळूहळू. म्या मान वर करून बगत ऱ्हातो. समदं दिसतंय, ताई. वास तेवढा येत न्हाई. सपनात वास येत न्हाई बगा. मरायच्या आदी एकदा तेवढा आला की झालं.”

मला तर जागेपणीही येत नव्हता. मी कटिंगच्या टेबलावर डोकं टेकून बसले. पंखा कुठेतरी लांब, वर फिरत होता. शेजारच्या गिरणीचा आवाज मंद होत होत गेला आणि मला वाटलं, आपणही त्या वाटेने बरंच खाली उतरलो आहोत. गिऱ्हाईक दारात येऊन दोनदा ‘ताई’ म्हणालं तेव्हा मी वर आले.

गटात त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं. ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट. सोडत कशाला, रोप बाबांना देऊन टाका. मीही तेच लिहिलं. बाबांचं उत्तर आलं, “न्हाई. समद्यांच्या संगट माजं बी नाव घाला. लागली तर न्हेतो.”

मग मला एकेकट्याचे निरोप यायला लागले. वसईच्या लोबोबाईंनी लिहिलं, ‘माझी चिठ्ठी टाकल्यासारखं करा, पण टाकू नका. बाबांना कळू देऊ नका.’ दुसऱ्या कुणी लिहिलं, तिसऱ्या कुणी लिहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच काय ते मोठ्या मनाचे. बिडकर सरांनी तर फोन केला.

“माझं नाव काढून टाका बाप्पा. अन् काढलं म्हणून कोणाला सांगू नका.”

“का हो?”

“लोक म्हणतील, बिडकर नरमला.”

मी सगळ्यांना ‘बरं’ म्हटलं. ‘बरं’ म्हणजे ‘हो’ नव्हे, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. काय करायचं ते माझंही तोवर ठरलेलं नव्हतं. ठरलं ते शुक्रवारी, बाबांचा फोन आला तेव्हा.

“ताई, लोकं गप झाल्यात,” ते म्हणाले. “काय शिजतंय का?”

“काही नाही, बाबा.”

“माज्यासाटी काय करू नगा.” मग म्हणाले, “तुमी कवा जमिनीची चिठ्ठी निगताना बगितलीया का?”

“नाही.”

“म्या बगितलीया. गाव उठल्यावर माळावर मांडव घातला हुता. तांब्याच्या घागरीत चिठ्ठ्या. कारकून भाऊसाहेब हात घालायचा आन् वाचायचा. कुनाला काळी लागली, कुनाला मुरमाड. आमची निगाली ती नुसत्या खडकाची. समद्यात वंगाळ तुकडा. आमचा बाप, आबा, तितंच वरडला, घडी वळखून काढली म्हनून. मरस्तवर त्येचं तेच म्हननं हुतं. दगुड येचून येचून बोटं वाकडी झाली त्येची. म्या बी तेच धरून बसलो. रोज वैरन टाकताना म्या त्या भाऊसाहेबाला शिव्या दिल्यात, ताई.”

“मग आता?”

“आता मला एक खरी चिठ्ठी निगताना बगायची हाय. माज्या डोळ्यांनी. निगू दे कुनाची बी.”

“आणि चाफा? तो नको का?”

“पायजे की. लई पायजे. पर तुमी घडी वळखून मला दिला, तर म्या उद्या त्या भाऊसाहेबाला कंच्या तोंडानं शिव्या देऊ?”

मी हसले, तेही हसले. फोन ठेवल्यावर मी कागद काढला आणि सगळ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या कापल्या. एकही नाव गाळलं नाही.

आणि शनिवारी दुपारी त्यांनाच इस्त्री करत असताना ऋजुता मला विचारत होती, एखादी राहिली तर?

“कुणाची?” मी विचारलं.

“शेलारबाबांची. हाताला फुगीर लागेल अशी ठेवा. आणि तो हातमोजा उद्या सापडला नाही म्हणा.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी फोन ठेवून दिला असता. ऋजुता अशी नव्हती. ग्रंथालयात शिपायानेही पुस्तक नोंद न करता नेलं तर भांडणारी मुलगी ती.

“काय झालंय तुला?” मी म्हटलं.

“मंदाताई, पावशेतच्या लोकांच्या जमिनींची सोडत माझ्या आजोबांनी काढली होती. आईचे वडील. देवस्थळी भाऊसाहेब.” ती भराभर बोलायला लागली. “मांडवात शेलार नावाचा एक माणूस त्यांच्या अंगावर धावून गेला होता. आजी सांगायची. आणि ही चाफ्याची गुटी त्याच शेलारांच्या बायकोने दिलेली. त्याच्या आधी, गाव सोडायच्या वेळी. म्हणाली, माळावर हे जगायचं नाही, तुम्ही न्या, कुठंतरी जगू दे.”

मी खुर्ची ओढून बसले. इस्त्रीचं बटण बंद केलं.

“बाबांना ठाऊक आहे हे?”

“नसावं. म्हणून तर मी नंतर अख्ख्या झाडाचा फोटो टाकला नाही. मागे दारावर आजोबांच्या नावाची पाटी दिसते.”

“आणि आजोबांनी खरंच...”

“तेच तर मला माहीत नाही. ते म्हणायचे, मी घडी ओळखली नाही. पण त्यानंतर त्यांनी आयुष्यात कशाचीही चिठ्ठी काढली नाही. घरी आजीची भिशी असली तरी उठून बाहेर जायचे. ज्याने काही केलेलं नाही तो माणूस असं करतो का?”

“तोच असं करेल, ज्याच्यावर खोटा आळ आलाय,” मी म्हटलं. पण मलाही खात्री नव्हती.

“मला ते रोप बाबांकडे जायला हवंय. मग आमच्याकडचं देणं फिटेल.”

“मग सरळ सांग ना त्यांना, तू कोण ते.”

“माझी छाती होत नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. नंतर म्हटलं, “ऋजुता, हे बघ. तुझ्या आजोबांनी ते केलं की नाही, देव जाणे. पण उद्या मी घडी ओळखून चिठ्ठी काढली, तर ते नक्की केलेलं असेल. तुझ्या आणि माझ्या हातून.”

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ‘ठेवते’ म्हणाली.

बाबांनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिचं बाबांना सांगायचं नाही हे मी तिथंच ठरवलं. इस्त्री पुन्हा तापवली. बाबांची चिठ्ठी शेवटची राहिली होती. तिच्यावरून इतरांसारखीच इस्त्री फिरवली, दाब कमी नाही की जास्त नाही. पण फिरवताना मी तिला मनातल्या मनात ‘तूच ये गं बाई’ असं म्हटलं. तेवढ्याला नियम नव्हता.

रविवारी दुपारी सगळे फोनच्या पडद्यावर जमले. ऑक्टोबरचं ऊन होतं. कुणाच्या मागे पंखा फिरत होता, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी होत होती. बिडकर सर बनियनवर आले होते, ते लोबोबाईंनी सांगितल्यावर शर्ट घालून आले. ऋजुता एका कोपऱ्यातल्या चौकटीत, माइक बंद करून. रेश्माने बाबांना टोपी घालून अंगणात खाटेवर बसवलं होतं आणि फोन त्यांच्यासमोर धरला होता. त्यांच्या मागे नुसता माळ दिसत होता.

मी चिठ्ठ्या बरणीत ओतल्या, झाकण लावलं. “बाबा, ‘बास’ तुम्ही म्हणायचं,” मी म्हटलं आणि बरणी हलवायला लागले.

बाबा पुढे वाकून बघत राहिले. चिठ्ठ्या काचेला लागून वर जात होत्या, खाली येत होत्या, पुन्हा वर जात होत्या. उन्हाची एक तिरीप बरणीत शिरली होती आणि कागद त्यात एकदम पांढरे व्हायचे, मग विझायचे. हलवता हलवता मलाही भान राहिलं नाही. माझे हात भरून आले तरी बाबा ‘बास’ म्हणेनात. त्यांचं तोंड जरा उघडं होतं. शेवटी रेश्मा म्हणाली, “आजोबा, ताईंचं हात दुखत्याल की.”

“बास,” बाबा म्हणाले.

मी लोकरीचा हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि हात आत घातला. सगळ्या सारख्याच लागल्या. एक वर काढली, मोजा काढला, घडी उलगडली. वाचली, मग पुन्हा वाचली.

“कुणाचं?” लोबोबाई म्हणाल्या.

मी चिठ्ठी पडद्यासमोर धरली. बिडकर सरांचं नाव होतं.

बिडकर सर चष्मा वर-खाली करून बघत राहिले. “असं कसं होईल?” ते म्हणाले. “मंदाताई, मी तर म्हटलं होतं, माझं नाव काढून टाका.”

“नाही काढलं.”

“तुम्ही ‘बरं’ म्हणाल्या होत्या.”

“बरं म्हणाले होते.”

“म्हणजे माझंपण काढलं नाही?” लोबोबाई म्हणाल्या. “मी लिहिलेलं तुम्हाला.”

मग एकेक माइक सुरू व्हायला लागला. मीपण सांगितलं होतं. मीपण. अहो, मीपण. प्रत्येकजण दुसऱ्याच्या चौकटीकडे बघत होता, चोरी पकडल्यासारखा. बिडकर सर गणिताचे, त्यांनी मनात हिशेब केला असावा. “म्हणजे बरणीत एकटे बाबाच उरले असते,” ते म्हणाले आणि हातांनी तोंड पुसलं. “बाबा, हे रोप तुमचं. मी स्वतः आणून देतो. अकोल्याच्या उन्हात ते तसंही माझ्याच्यानं जगायचं नाही.”

“थांबा, मास्तर.” बाबांनी हात वर केला. ते रागावले असतील असं मला वाटलं. त्यांनी फोन रेश्माच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. “समद्यांनी नावं काढा म्हनलं हुतं?”

“हो, बाबा,” मी म्हटलं.

“समद्यास्नी वाटत हुतं, मला लागावी?”

“हो.”

“तुमाला बी? काढनारीला?”

“मला सगळ्यांत जास्त.”

“आन् तरी मास्तरांची निगाली.”

“हो.”

बाबांकडे वारा सुटला होता, तो फोनमध्ये घुंईं करत होता. मग ते हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “म्हंजी चिठ्ठी कुनाचं ऐकत न्हाई. काढनाराचं बी न्हाई.” त्यांनी मान हलवली. “मग त्या भाऊसाहेबाचं तरी कसं ऐकंल? आईनं त्येला गुटी दिली, पोटच्या पोरागत दिली. त्येच्या मनात आसंल की, हिच्या घराला काळी लागू दे. आसंलच. कुनाच्या बी मनात येईल. आन् निगाला खडूक.”

बाकीच्यांना यातलं काहीच कळत नव्हतं, पण कुणी विचारलं नाही. कोपऱ्यातल्या चौकटीतला माइक सुरू झाला.

“बाबा,” ऋजुता म्हणाली. “मी देवस्थळी भाऊसाहेबांची नात.”

“ठावं हाय, पोरी.”

“कसं?”

“आईनं गुटी एकालाच दिली हुती. तू पावशेत म्हनलीस, तवाच कळलं.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुला शिव्या देऊ?” बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आबा आईला जन्मभर बोलला. झाड दिलंस आन् खडूक घेतलास. भाकरी वाढली की तेच, दिवा लावला की तेच. ती गपगुमान ऐकायची. तिला बी वाटत आसंल, आपन चुकलो, लबाडाच्या वटीत झाड घातलं. म्या तिचं कवा ऐकूनच घेतलं न्हाई. म्या आबाच्या बाजूचा.”

ऋजुता तोंडावर ओढणी धरून बसली होती.

“भाऊसाहेब हायेत का गं?” बाबांनी विचारलं.

“नाहीत, बाबा. गेले.”

“आबा न्हाई. आई न्हाई. ह्यो बी न्हाई.” बाबांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. “मग म्या आता हे सांगू कुनाला?”

ऋजुताची चौकट एकदम हलली. ती फोन घेऊन चालत होती. भिंत, उंबरा, पायऱ्या, भगभगीत ऊन, आणि मग पडदाभर हिरवं. तिने फोन जरा मागे घेतला. जुनं खोड दिसलं, रुंद पानं दिसली, मागे दार दिसलं आणि दारावरची पाटी. त्या वेळी एकही फूल नव्हतं.

बाबांनी फोन इतका जवळ ओढला की त्यांच्या चौकटीत आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा आवाज आला, बारीक, मी आजवर त्यांचा कधी न ऐकलेला.

“आये,” ते म्हणाले. “भाऊसाहेब खोटा न्हवता गं. तुजं काय बी चुकलं न्हाई.”